व्हायरसबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: बांधणी बघा, स्वभाव कळतो

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. कोरोनापासून एक झालंय, क्लास सुटला की पोरांना न्यायला आलेले पालक गाडी बंदही न करता विचारतात, सर हे व्हायरस म्हणजे नक्की असतंय काय. मग शेजारचे दूधवाले काका, मग मिरची लावलेला मित्र, मग सासरचे. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदा लिहून काढतो, पुढच्या वेळी लिंक टाकून मोकळा.

आधीच एक सांगून ठेवतो. जनावरांच्या बाजारात जाणता गडी आधी बांधणी बघतो, मग दात, मग किंमत बोलतो. व्हायरसचंही तेच धोरण ठेवा. त्याच्या अंगावर काय आहे आणि काय नाही एवढं कळलं की साबणानं जातो का, पाण्यातून येतो का, हवेतून येतो का, हे निम्मंअधिक आपोआप कळतं.

व्हायरस म्हणजे नेमकं काय ओ? एका वाक्यात सांगा.

प्रथिनांच्या डबीत ठेवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलंय, "माझ्या कॉपी काढा." बास. डबीला हात नाहीत, तोंड नाही, पोट नाही, ती खात नाही, श्वास घेत नाही, वाढत पण नाही. चुकून योग्य पेशीला चिकटली आणि चिठ्ठी आत गेली तरच पुढचा सगळा खेळ, नाहीतर पडून राहायचं.

विषाणू, जिवाणू, जंतू, सगळं एकच की!

नाही ओ. जंतू हा आपला घरगुती शब्द, त्यात सगळेच येतात. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, ती पूर्ण पेशी असते, स्वतःचं खाते, स्वतःच दोनाचे चार होते. विषाणू म्हणजे व्हायरस, त्याला पेशीच नाही. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, त्यावरनं आपण विषाणू केलं, शब्द चांगला बसलाय.

घोळ कुठं होतो बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सगळीकडं लेप्टोची भीती होती, तो जिवाणू. टायफॉइड, टीबी, कॉलरा, प्लेग, सगळे जिवाणू. मलेरिया दोन्हीपैकी नाही, तो वेगळाच एकपेशीय परजीवी. डेंग्यू, चिकुनगुनिया, गोवर, कांजिण्या, गालगुंड, रेबीज, पोलिओ हे व्हायरस. आणि शेतकरी मित्रांसाठी, उसाची लाल कूज आणि तांबेरा ही बुरशी, गवताळ वाढ फायटोप्लाझ्मामुळं (तो बिनभिंतीचा जिवाणू), आणि उसाच्या पानावर फिकट-गडद हिरव्या रेघा-ठिपक्यांचा मोझॅक येतो तो मात्र खरा व्हायरस, मावा किडीतून आणि रोगट बेण्यातून पसरणारा. चार रोगांचे तीन वेगळ्या जातीचे मालक, आणि आपण दुकानात जाऊन म्हणतो "व्हायरसचं औषध द्या".

केवढा असतो? मायक्रोस्कोपखाली दिसतो का?

कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली नाही दिसत. बहुतेक व्हायरस २० ते ३०० नॅनोमीटरच्या मधले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण हे ऐकून कुणाच्या डोक्यात काही उजेड पडत नाही, म्हणून मी वर्गात शेंगदाणा घेऊन जातो.

फ्लूचा व्हायरस साधारण १०० नॅनोमीटरचा. तो फुगवून शेंगदाण्याएवढा, १ सेंटिमीटरचा केला असं समजा. मग त्याच मापानं पोलिओचा व्हायरस मोहरीपेक्षा जरा मोठा होईल. पोटातला ई. कोलाय जिवाणू न सोललेल्या नारळाएवढा. आपल्या रक्तातली तांबडी पेशी म्हणजे पाऊण मीटर रुंदीची परात (आकार पण परातीसारखाच, मध्ये खोलगट). डोक्याचा एक केस सात मीटर जाड. आणि ज्याच्या डोक्यावर तो केस आहे तो माणूस १७० किलोमीटर उंच, म्हणजे पाय कोल्हापुरात ठेवून हायवेवर आडवा झोपला तर डोकं साताऱ्याच्या बरंच पुढं. एवढ्या गड्याला एक शेंगदाणा आठ दिवस अंथरुणात घालतो.

सगळेच बारीक असतात असं पण नाही. इंग्लंडात ब्रॅडफर्डला १९९२ साली एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात एक काहीतरी सापडलं, इतकं मोठं की लोकांनी जिवाणूच समजून बाजूला ठेवलं. २००३ साली कळलं की तो व्हायरस आहे, नाव ठेवलं मिमिव्हायरस. अंगावरच्या केसांसकट धरला तर आपल्या शेंगदाण्याच्या मापात तो कांद्याएवढा भरतो.

दिसतच नव्हता तर सापडला कसा?

हा माझा आवडता प्रश्न, आणि याचं उत्तर आपल्या भागाला लई जवळचं आहे, कारण सुरुवात झाली तंबाखूपासून आणि लगेच पुढं लाळ-खुरकूत. एक निपाणी पट्ट्यातलं पीक आणि दुसरा आपल्या गोठ्यातला रोग.

तंबाखूच्या पानावर चट्टेपट्टे येतात, त्याला मोझॅक म्हणतात. १८९२ साली रशियात इव्हानोव्हस्कीनं रोगट पानांचा रस काढला आणि चिनी मातीच्या फिल्टरमधून गाळला. त्या फिल्टरची भोकं इतकी बारीक की जिवाणू वरच अडकतो. तरीपण खाली आलेला स्वच्छ रस चांगल्या पानाला लावला की ते पान आजारी पडलं! १८९८ साली हॉलंडमध्ये बायेरिंकनं तेच करून बघितलं आणि सांगितलं की हे जिवाणूचं विष नाही, कारण विष पुढं पुढं पातळ होत जातं, हे तर नव्या झाडात वाढतंय. त्याच १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी लाळ-खुरकुताच्या फोडातलं पाणी गाळून तसंच दाखवलं, म्हणजे जनावरांतला पहिला सापडलेला व्हायरस आपल्या गोठ्यातलाच. प्रत्यक्ष फोटो मात्र १९३९ सालचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर, आणि पहिला मान परत तंबाखूच्याच व्हायरसला.

डबीच्या आत काय असतं?

डीएनए किंवा आरएनए. दोन्हीपैकी एकच. आपल्या पेशीत दोन्ही असतात, व्हायरसच्या कणात चिठ्ठी एकाच शाईत लिहिलेली असते. देवी, कांजिण्या, लंपी हे डीएनएवाले. फ्लू, डेंग्यू, रेबीज, कोरोना, पोलिओ आरएनएवाले. कुणाचा धागा एकेरी, कुणाचा दुहेरी, कुणाचा गोल, फ्लूचे तर आठ वेगवेगळे तुकडे. १९७१ साली बाल्टिमोर यांनी याच हिशोबावर व्हायरसचे गट पाडले, आता सात गट धरतात, बारावीच्या पुढच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी ते पाठ करावे, बाकीच्यांनी सोडून द्यावे.

चिठ्ठी किती मोठी? हिपॅटायटिस बी ची साधारण ३,२०० अक्षरं. कोरोनाची ३०,००० च्या आसपास. माणसाची ३०० कोटी. म्हणजे ज्यानं २०२० साली महाद्वार रोड सामसूम केला त्याचा सगळा मजकूर पेपरच्या एका पुरवणीत मावतो.

कवच कसं असतं? पुस्तकात आयकोसाहेड्रल लिहिलंय, डोक्यावरनं गेलं.

कोल्हापूरच्या पोराला हे डोक्यावरनं जायला नको खरं तर. शाहू स्टेडियमच्या बाहेर कुठल्याही पेठेतल्या गड्याकडून जुना काळा-पांढरा फुटबॉल घ्या आणि काळे तुकडे मोजा. बारा. प्रत्येकाला पाच बाजू. आता पांढरे मोजा, वीस. सहा सहा बाजूंचे. मी एकदा वर्गात फाटका फुटबॉल नेला आणि प्रत्येक काळ्या तुकड्यावर खडूनं नंबर घातला, सात मिनिटं पोरं भांडत होती की अकरा आहेत का बारा, आणि त्यानंतर ती बॅच आयकोसाहेड्रल कधी विसरली नाही. आयकोसाहेड्रॉनला वीस त्रिकोणी बाजू आणि बारा कोपरे. फुटबॉल म्हणजे त्याच आकृतीचे बारा कोपरे तासलेले, म्हणून कोपऱ्याच्या जागी काळा तुकडा आला.

व्हायरसचं कवच, म्हणजे कॅप्सिड, असंच. कॅप्सोमिअर नावाचे प्रथिनांचे छोटे तुकडे जोडून जोडून गोळा तयार होतो. गोळा लहान असो का मोठा, पाच-पाचच्या जोडणीच्या जागा बाराच राहतात, मोठा करायचा तर सहावाले तुकडे वाढवायचे. १९६२ साली कॅस्पर आणि क्लुग या दोघांनी हे गणित मांडलं.

आणि असं का, तर गरिबी. चिठ्ठी एवढीशी, त्यात शंभर प्रकारच्या विटांचे साचे लिहायला जागा कुठाय? म्हणून एकाच साच्याच्या विटा पाडायच्या आणि त्याच परत परत लावायच्या. पोलिओचं कवच चारच प्रकारच्या प्रथिनांचं, प्रत्येकाचे साठ साठ नग. बांधायला गवंडी लागत नाही, विटा आपोआप एकमेकीत बसतात.

दुसरा प्रकार सर्पिल. त्याला मक्याचं कणीस आठवा. तंबाखू मोझॅकचा व्हायरस म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड कांडी, बाहेरनं २,१३० एकसारखे प्रथिनांचे दाणे गोल गोल चढत गेलेले आणि आतून आरएनएचा धागा त्याच वळणानं गुंफलेला. बाकी आकारांत रेबीज बंदुकीच्या गोळीसारखा, इबोला दोऱ्यासारखा लांबलचक, देवीच्या घराण्यातले विटेसारखे, मिरचीवर बोकड्या म्हणजे पानं मुरडायचा रोग आणणारा (पांढऱ्या माशीतून येतो तो) दोन गोळे चिकटवल्यासारखा जुळा.

साबणानं व्हायरस मरतो हे खरं का नुसती जाहिरात?

खरं. पण सगळे नाही, आणि इथंच बांधणी कामाला येते.

काही व्हायरस कवचावर अजून एक पांघरूण घेतात, त्याला एन्व्हलप म्हणतात. हे पांघरूण त्यांनी स्वतः केलेलं नसतं, पेशीतून बाहेर पडताना पेशीचाच मेदाचा पापुद्रा अंगावर ओढून घेतात, त्यात स्वतःची काट्यासारखी प्रथिनं खोचलेली. लग्नात दुसऱ्याचा कोट घालून फोटो काढतात तसं. मेद म्हणजे चरबी. आता मिसळ खाल्लेली ताटली घ्या, कटाचा तांबडा तवंग वाळून बसलाय. नुसतं गार पाणी सोडा, तवंग नुसता इकडून तिकडं सरकतो, बोटाला चिकटतो. साबणाचा एक थेंब टाका, मधोमध एकदम गोल उघडतो आणि तेल कडेला पळतं, चोळलं की फुटून पाण्याबरोबर जातं. हाताला लागलेल्या कोरोना, फ्लूच्या पांघरुणाचं डिट्टो हेच होतं. पांघरूण फाटलं की काटे गेले, काटे गेले की पेशीला चिकटायचं साधन गेलं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल पण त्याच चरबीवर आणि प्रथिनांवर मारा करतं.

म्हणून गंमत बघा, पांघरूणवाला आपल्याला दांडगा वाटतो पण तोच नाजूक असतो. ऊन लागलं, वाळला, साबण लागला की संपला. त्यामुळं तो अंगातून अंगात जायचे ओले रस्ते शोधतो, शिंकेचे थेंब, रक्त, लाळ, नाहीतर डेंग्यूसारखा थेट डासाच्या पोटातून प्रवास.

रेबीज पण पांघरूणवाला. म्हणून कुत्रं चावलं की पहिली गोष्ट नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरचीपूड काही भरायचं नाही. आणि मग त्याच दिवशी लस, कारण धुणं म्हणजे सुरुवात आहे, उपचार नाही. आमच्या गल्लीत अजून लोक आधी चुना शोधायला पळतात, काय बोलायचं.

मग सॅनिटायझर लावून जेवलं तर कावीळ, जुलाब होणार नाहीत ना?

तिथं गडबड आहे. काविळीचे हिपॅटायटिस ए आणि ई, लहान पोरांच्या जुलाबाचा रोटा, उलट्या करणारा नोरो, पोलिओ, या सगळ्यांना पांघरूणच नसतं. नुसतं टणक कवच. चरबीच नाही तर अल्कोहोल फाडणार काय? यांच्यावर सॅनिटायझर कमी पडतो. साबणानं हात धुतल्यावर ते मरत नसले तरी चोळून पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून जेवणाआधी सॅनिटायझरपेक्षा नळ भारी.

आता मला स्वतःला जे कळल्यावर लई आवडलं ते सांगतो. पोटातून येणारे व्हायरस बहुतेक बिनपांघरूणाचेच का? कारण आपल्या पोटात आधी ॲसिड, आणि पुढं आतड्यात पित्त. पित्ताचं काम काय, चरबी फोडायची, म्हणजे पित्त हा अंगातलाच साबण झाला! पांघरूणवाला गिळला गेला तर बहुधा तिथंच धुतला जातो. तग धरतो तो उघडा टणक गडी, जातो तसाच बाहेर, तिथून गटार, गटारातून गळक्या पाइपलाइनमध्ये. एका 'कावीळ' शब्दाखाली दोन घराणी आहेत, ए आणि ई पाण्यातून, बिनपांघरूणाचे, आणि बी आणि सी रक्तातून, पांघरूणवाले. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती ती पाण्याची. अशा वेळी मास्क लावून उपयोग नाही, पाणी खळखळून उकळायचं, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नीट प्रमाणात पडते का बघायचं. घरात गरोदर बाई असेल तर ई प्रकाराला अजिबात हलक्यात घेऊ नका, तिला तो फार जड जातो.

आणि माळ घालून कावीळ उतरते का, हे पण विचारतात. ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच उतरते, नाव माळेचं होतं.

नियमाला अपवाद पण सांगतो नाहीतर कुणीतरी येऊन मला धरणार. हिपॅटायटिस बी पांघरूणवाला असून वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, म्हणून दुसऱ्याचं ब्लेड दाढीला घ्यायचं नाही. आणि लंपीचा व्हायरस गळून पडलेल्या खपलीत महिनाभर राहू शकतो.

लंपीच्या गाईचं दूध पिलं तर माणसाला लंपी होईल का?

२०२२ साली हा प्रश्न मला दिवसाला दहा वेळा आला असंल. नाही होत. कारण कुलूप-किल्ली. व्हायरसच्या अंगावरची प्रथिनं म्हणजे किल्ली, आपल्या पेशीवरची विशिष्ट जागा म्हणजे कुलूप. कोरोनाची किल्ली एसीई-२ नावाच्या कुलपात बसते, एचआयव्हीची सीडी-४ मध्ये. कुलूप उघडलं तरी आतली यंत्रं आणि पहारेकरी वेगळे असतील तर तिथं पण अडतं. लंपी गाईगुरांचा, म्हशीला कमी होतो, माणसाला नाही. पसरतो चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यातून.

दूध उकळूनच प्या ते वेगळ्या कारणासाठी. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची मजा मला पण माहीत आहे, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो, पण कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि टीबीचे जिवाणू येऊ शकतात. माझं मत सांगितलं, तुमचा ग्लास तुमच्या हातात.

आत शिरल्यावर करतो काय नक्की?

सगळ्यात स्वच्छ दिसतं ते फेजमध्ये, म्हणजे जिवाणूंना खाणाऱ्या व्हायरसमध्ये. टी-४ फेजचं चित्र बघितलंच असेल, वर डोकं, मधे शेपटीची नळी, खाली सहा पाय, चंद्रावर उतरलेल्या यानासारखा. तो ई. कोलायवर पाय टेकतो, नळी आवळते आणि डीएनए आत सोडतो, इंजेक्शन दिल्यासारखा. कवच बाहेरच. १९५२ साली हर्शी आणि चेस यांनी हेच दाखवलं, प्रथिनांना एक किरणोत्सारी खूण, डीएनएला दुसरी, मग बाहेर चिकटलेली कवचं सोडवायला चक्क स्वयंपाकघरातला मिक्सर फिरवला आणि आत कोण गेलं ते तपासलं. डीएनए गेला होता. म्हणजे हुकूम चिठ्ठीत असतो, डबीत नाही, हे त्यातून पक्कं झालं.

मग आत जिवाणूचीच यंत्रं, जिवाणूचंच सामान, जिवाणूचीच वीज, आणि माल व्हायरसचा. डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे तयार होतात आणि शेवटी जोडले जातात. अर्ध्या तासाच्या आत शंभर-दोनशे नवे फेज, आणि जिवाणू फुटतो. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार होतो, व्हायरस एकाचे थेट दोनशे होतो, आणि मधल्या काळात पेशी उघडून बघितली तर अखंड व्हायरस एकही दिसत नाही, सगळा सुटा माल.

काही जण घाई करत नाहीत, आपला डीएनए यजमानाच्या डीएनएत घुसवून गप्प बसतात. एचआयव्ही तसा, तो तर आधी आरएनएवरून उलटा डीएनए लिहितो आणि मग घुसवतो.

नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो म्हणे?

नाही जात. नागीण म्हणजे लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच व्हायरस. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून राहतो, वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या नसेवरून खाली उतरतो. त्या नसेचा जेवढा पट्टा तेवढ्यातच फोड येतात, आणि नसेचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच असतो, म्हणून पुरळ बहुधा एकाच बाजूला, विळखा पूर्ण होत नाही. लोकांनी बघितलं बरोबर, अर्थ घाबरवणारा लावला. गेरू लावत बसण्यापेक्षा पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टर गाठा, ॲसायक्लोव्हिरसारखी औषधं लवकर सुरू केली तर उपयोग होतो. डोळ्याजवळ आली तर त्याच दिवशी.

जिवंत का निर्जीव? पेपरात काय लिहू?

पेपरात लिहा, सजीव-निर्जीवाच्या सीमेवर. मार्क मिळतील. १९३५ साली स्टॅन्लीनं तंबाखू मोझॅकच्या व्हायरसचे मिठासारखे स्फटिक करून बाटलीत भरले आणि ते स्फटिक परत पानाला चोळले तर रोग आला, त्यावर १९४६ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, बायोलॉजीचं नाही बरं का. माझ्या मते प्रश्नच जरा चुकीच्या ठिकाणी विचारला जातो, बाहेर पडलेला कण बघून निर्जीव म्हणायचं आणि पेशीत चाललेला धिंगाणा बघून जिवंत, दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन वेळा आहेत.

दरवर्षी नवा फ्लू कसा काय येतो?

दोन कारणं. आरएनएची कॉपी काढणारं एन्झाइम गचाळ, चुका करतं आणि तपासत नाही (कोरोनाचं थोडंफार तपासतं). चुकीच्या कॉपीतल्या बऱ्याच वाया जातात, एखादीचा काटा असा बदलतो की आपली जुनी ओळख चालत नाही. दुसरं फ्लूचं खास, आठ तुकडे आहेत ना, एकाच डुकराच्या पेशीत पक्ष्याचा आणि माणसाचा फ्लू एकदम शिरला तर पत्त्यांचे दोन कॅट मिसळून पिसल्यासारखे तुकडे अदलाबदल होतात. २००९ चा स्वाइन फ्लू असल्याच पिसण्यातून आला. एच-१ एन-१ मधला एच म्हणजे चिकटायचा काटा, एन म्हणजे बाहेर पडताना सुटायची कात्री. ऑसेल्टामिव्हिर ही गोळी त्या कात्रीलाच अडवते.

व्हायरल तापाला अँटिबायोटिक का नाही द्यायचं?

कारण मारायला तिथं काही नसतं. अँटिबायोटिक जिवाणूची भिंत पाडतं, नाहीतर त्याचं प्रथिनं बनवायचं यंत्र बंद करतं. व्हायरसला भिंत नाही, यंत्र आपलंच वापरतो. एकदा मला साधा व्हायरल असताना एका डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स दिला, मी पण शहाणा, शिकवतो हेच आणि तरी गप घेतला, ताप जायचा तेव्हाच गेला पण चार दिवस जुलाबानं बेजार, पोटातले चांगले जिवाणू मेले की. व्हायरलनंतर न्यूमोनिया वगैरे जिवाणूचं काही वाढलं तर अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलवाला नाही.

सगळे व्हायरस वाईटच का?

नाही ओ. समुद्राच्या एक मिलीलीटर पाण्यात कोटीभर व्हायरस सापडतात, बहुतेक फेज, आणि माणसाकडं बघत पण नाहीत. १८९६ साली हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञानं लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मारणारं काहीतरी आहे, पुढं १९१७ साली देरेलनं फेज हे नाव दिलं. (म्हणून पंचगंगेचं पाणी तसंच पिऊ नका, हात जोडतो.) दही-चीजच्या मोठ्या कारखान्यात मात्र हेच फेज डोकेदुखी, विरजणाच्या जिवाणूंवर पडले की सगळी टाकी वाया.

आणि माणसाच्या डीएनएतला सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसचे (एचआयव्हीसारखे, आरएनएवरून उलटा डीएनए लिहिणारे) अवशेष आहेत. त्यातलंच एक प्रथिन, सिन्सिटिन, आईच्या पोटात वार (प्लॅसेंटा) तयार व्हायला लागतं. म्हणजे आपण जन्मलो त्यात एका जुन्या व्हायरसचा पण हातभार.

एखादा व्हायरस कायमचा संपवता येतो का?

दोन संपवलेत. देवी, १९८० साली जाहीर झालं, भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. आणि जनावरांची बुळकांडी, २०११. बुळकांडीनं गावंच्या गावं गुरांविना केलेली, म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या शिव्यांत अजून तो शब्द आहे. देवीला माणसाशिवाय दुसरं घर नव्हतं, फोड तोंडावर दिसायचे म्हणून लपता यायचं नाही, आणि लस एक घेतली की बरीच वर्षं पुरायची. लस पण गोठ्यातूनच आलेली, जेनरनं १७९६ साली गोस्तन देवीपासून केली, व्हॅक्सीन या शब्दातच लॅटिनमधली गाय आहे. फ्लू तसा संपणार नाही, तो रानपक्ष्यांत राहतो, पक्ष्यांना कोण टोचणार.

व्हायरसपेक्षा पण बारीक काही असतं का?

असतं. व्हायरॉइड, नुसता आरएनए, कवच पण नाही. १९७१ साली डायनर यांना बटाट्याच्या रोगात सापडला, साडेतीनशेच्या आसपास अक्षरं. झाडांनाच होतो.

तंबाखू मळून टोमॅटोच्या पॉलिहाऊसमध्ये गेलं तर चालतं का?

नाही चालत. मजुरांना नको म्हणायचं आणि मालकच तसा आत जातो. तंबाखू मोझॅकचा व्हायरस बिनपांघरूणाचा, वाळलेल्या पानात वर्षानुवर्षं टिकतो, विडी-तंबाखूतून हाताला, हातातून टोमॅटो-ढबूच्या रोपाला. रोपं हाताळायच्या आधी हात साबणानं चोळून धुवा. परदेशात रोपं लावताना हात साय काढलेल्या दुधात बुडवतात, दुधातली प्रथिनं व्हायरसला आडवी येतात. हे ऐकून मित्र म्हणाला, म्हशीच्या दुधाचा भाव बघितलास का. मी म्हटलं मग आधी तंबाखू सोड.

आकृतीला मार्क जातात, काय करू?

टी-४ काढताना पाय सहा काढा, चार नाही. डोकं गोल काढू नका, कोपरे दिसू देत. आणि कोरोनाच्या आकृतीत काटे कवचावर नाही, मेदाच्या पांघरुणावर रोवलेले दाखवा, निम्म्या पोरांचा अर्धा मार्क तिथंच जातो.